विसर्गचे नऊ टाके

६ ऑक्टोबर, सोमवार

नऊ टाके! मांजराच्या एवढ्याशा पोटावर नऊ! आतड्यातून हातभर दोरा निघाला. डॉक्टर सुकन्याबाई म्हणाल्या, "अजून एक दिवस थांबला असतात तर आतडं फाटलं असतं. दोऱ्याचा फोटो काढलाय, बघता?" नको म्हणालो. मला रक्त बघवत नाही.

आणि बघायचं काय त्यात? विसर्ग दिवसभर लोळते कुठे — जिन्याखाली, सलीमभाईच्या मशीनपाशी. शिंप्याच्या मशीनखाली काय असतं — दोरे. एवढं अनुमान काढायला न्यायशास्त्र लागत नाही. एकोणीस वर्षं हा माणूस आमच्या जिन्याखाली शिवतो आहे आणि केरसुणी फिरवायची अक्कल नाही!

दवाखान्यात फॉर्म भरताना कंपाउंडर म्हणाला, "विसर्ग? पण ही मादी आहे." म्हटलं, ठाऊक आहे. कपाळावर एकाखाली एक दोन ठिपके घेऊन ती जन्माला आली, त्याला मी काय करू?

७ ऑक्टोबर, मंगळवार

गळ्यात प्लास्टिकची कॉलर, नरसाळ्यासारखी. टाके चाटू नयेत म्हणून. चालताना कपाटाला आपटते, मग वळून माझ्याकडे बघते. कपाट मीच मध्ये आणून ठेवलं जणू!

औषध दोनदा. उडी बंद. थोडं थोडं मऊ खायला द्या म्हणाल्या. म्हणून या लिंगायताने आज आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी उकडली. सिंधूच्या पातेल्यात. तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. विसर्गने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

सिंधू लातूरहून फोनवर — "माझं पित्ताशय काढलं तेव्हा तुम्ही अर्धाच दिवस थांबला होता." म्हटलं, तू कॉलर लावली नव्हतीस. फोन ठेवला तिने. शाळा लातूरची आणि नवरा नांदेडचा, हे अंतर तिला कधीकधी फार मानवतं.

संध्याकाळी सलीमभाई दारात. हातात डबा. "पंडितजी, बेगमसाठी यखनी आणली, मटणाचं पाणी. घरवालीनं कांदा-लसूण काहीच टाकलं न्हाई." (विसर्गला तो बेगम म्हणतो. ती ओ देते. मी हाक मारली तर शेपूट हलवून विषय संपवते.)

"तुमच्या दोऱ्यांनी पोट भरलंय तिचं."

"माझ्या दोऱ्यानं? अहो पंडितजी, मी तर रोज सांजच्याला एकेक तुकडा वेचून—"

दार लावलं. आवाज होईल असं लावलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

खाल्लं नाही. चमच्याने भरवलं, थुंकलं. माझ्या शर्टावर.

दुपारी पेपरच्या लातूर डेस्कला सहा ओळींची बातमी पाठवली. नाव लिहिलं नाही, मी काही रानटी नाही. 'इतवाऱ्यातील एका जिन्याखालील शिलाई दुकानाच्या निष्काळजीपणामुळे मुक्या जीवावर शस्त्रक्रियेची वेळ.' पाठवल्यावर भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

छापून आलं. डेस्कने आपल्या पदरचं जोडलं — 'रहिवाशांत संताप'. रहिवाशांत म्हणजे मी!

विसर्ग अजून उपाशीच. डॉक्टरीणबाई फोनवर चिडल्या. "मांजर असं दिवसामागून दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. ऑपरेशनातून वाचलेली मांजर भुकेने घालवायची आहे का? एरवी कुणाच्या हातचं खाते ती?"

माझ्या, म्हणालो.

खोटं बोललो. दुपारची भाकर-दुधाची वाटी जिन्याखालीच असते तिची. गेली चार वर्षं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घरमालक आप्पासाहेब वरच्या मजल्यावरून उतरले. हातात पेपरची घडी, चेहऱ्यावर सणाचा आनंद. "लई दिवसांपास्नं सांगून राहिलो व्हतो सलीमला, जागा खाली कर म्हणून. आता छापूनच आलं की! सोमवारपर्यंत उचल म्हणलं मशीन."

म्हटलं, माझा तसा हेतू नव्हता.

"तुम्ही कशाला मधी बोलायलात? पेपर बोलला!"

बावीस वर्षं मी या गावच्या नाल्यांवर, रस्त्यांवर, बंद पडलेल्या नळांवर लिहितो आहे. एक खड्डा बुजला नाही. आणि सहा ओळींत एक माणूस उठला! या आप्पासाहेबांचं मी काय करू? पेपर वाचायला यांना नेमका हाच दिवस सापडला?

मशीनचा आवाज दिवसभर नाही. विसर्ग कॉलरसकट दाराशी बसून आहे, फटीला कान लावून. मी ताटली घेऊन तिच्यामागे. तिला उठवावं म्हटलं तर माझ्यावर फुत्कारली. माझ्यावर!

११ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात सलाईन टोचलं, कातडीखाली. पाठीवर उंटासारखा फुगवटा आला तिच्या. मी संतापून बोलत होतो — शिंपी, केर, बेजबाबदारपणा. सुकन्याबाई ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "शिंप्याचा काय संबंध? शिवणाचा दोरा नव्हता तो." फोन पुढे केला.

लाल-पिवळा. सुती. पूजेचा नाडा.

लिहितो. इथे तरी लिहितो.

खंडेनवमीला मी शस्त्रं मांडली. लॅपटॉप, दोन पेनं, कॅमेरा, प्रिंटर. प्रत्येकाला नाडा बांधला, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात विसर्ग येऊन पाटावर बसली. म्हटलं, हेही शस्त्रच, उंदरांवरचं. तिच्याही गळ्यात बांधला, साग्रसंगीत, संकल्प सोडून. मंत्रात एक ऱ्हस्व चुकलं नाही. गाठ मात्र सैल, आणि टोक लोंबतं. मग दसरा आला, सोनं वाटण्यात नाडा गळ्यात आहे की नाही हे बघायचं सुचलंच नाही मला.

आणि खंडेनवमीच्याच दुपारी जिन्याखालून सलीमभाई म्हणाले होते, "पंडितजी, बेगमचं हे काढा. चावत बसली ती. पोटात जाईल."

मी हसून म्हणालो होतो, "शास्त्र आहे, सलीमभाई. तुम्ही काजं-बटणं सांभाळा."

सहा दिवस मी गल्लीभर राग वाटत फिरलो. त्यातला कणभरही माझ्याकडे कसा आला नाही? मूर्ख! पाठशाळेत बारा वर्षं घालवलेला मूर्ख!

संध्याकाळी खाली उतरलो. सलीमभाई मशीनचा पट्टा काढत होते. पायरीवर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते पट्टा गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "बेगम खाती का?"

"नाही."

वर आले. हात धुतले. तिला मांडीत घेतलं, कॉलरच्या कडेने बोट आत घातलं, बोटावर खिमा. तिने चाटलं. मग खाल्लं! अर्धी वाटी. मी शेजारी वाटी धरून उभा. तिच्याशी बोलत होते — "खा गं माय, खा. कोणावर रुसलीस?"

१२ ऑक्टोबर, रविवार

आप्पासाहेबांकडे गेलो. चूक माझी, दोरा माझा, जागा सलीमभाईंना राहू द्या. ते म्हणाले, "पंडित, तुम्ही लई हळवे. झालं ते चांगलंच झालं."

डेस्कला खुलासा पाठवला, माझ्या नावासकट. डेस्कवरचा पोरगा — "सर, मांजराच्या बातमीला खुलासा? लोक विसरले पण." मी फोनवर एवढा ओरडलो की विसर्ग कॉटखाली गेली. टाके ताणले असते तर? नालायक! तो नव्हे. मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मशीन गेलं. टेम्पोत, मुदखेडला, सलीमभाईंच्या मुलीकडे — बुशराकडे. तिथे गिऱ्हाईक नाही, ओळख नाही. टेम्पो निघाला तेव्हा मी खिडकीत होतो. खाली उतरलो नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सलीमभाई रोज सकाळच्या गाडीने मुदखेडहून येतात. भरवतात. दुपारी परत भरवून जातात. चहा घेत नाहीत. माझ्या हातून ती अजून काही घेत नाही. काल मी सलीमभाईंच्या आवाजात "बेगम" म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की लाज वाटली.

खुलासा आजही नाही. "जागा नव्हती, सर. दिवाळीच्या जाहिराती आहेत."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

टाके निघाले. जखम छान भरली म्हणाल्या. कॉलर काढली तेव्हा तिने पहिलं काय केलं तर माझा अंगठा चावला. योग्यच.

रिक्षातून उतरून टोपलीकडे बघत बघत जिना चढलो, तिला धक्का लागू नये म्हणून. सलीमभाई मागोमाग आले. मी म्हणालो, "घेऊन जा तिला. तुमच्याशिवाय खात नाही ती. रोज गाडीने किती दिवस याल?" ठरवून म्हणालो. त्यांनी टोपली उचलली. तिने आतून एकदाच आवाज दिला, आणि गप्प झाली.

"राग सोडा सलीमभाई. खुलासा येईल छापून. मग परत या दोघं."

उंबऱ्यात थांबले. मग म्हणाले, "जिन्याखाली दुपारी उजेड चांगला पडतो, पंडितजी." आणि उतरले. आठवण निघाली बिचाऱ्यांना, असं वाटलं. मला बरंही वाटलं थोडं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दूध आणायला खाली उतरलो. जिन्याखाली नवा चुना, नवी ट्यूबलाइट, एक टेबल. वर पाटी — 'उमाशंकर शेटकार, वार्ताहर'.

आप्पासाहेब गॅलरीतून ओरडले, "दिवाळीची भेट, पंडित! तुमच्यामुळंच खाली झाली जागा. काल सकाळीच ठोकली, तुम्ही मांजर घेऊन गेलता तवा. दिसली न्हाई का?"

मला नाही. सलीमभाईंना दिसली.