ओमाहाची रिकामी जागा

फोर्ट नॉक्स, केंटकी
शुक्रवार

प्रिय सागरगामिनी कोरिन,

नौदलाच्या कप्तान पत्नीस पायदळाच्या कर्नल पतीचा सविनय, किंचित वाकून नमस्कार.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "एल्डन, जहाज गेलं खड्ड्यात! जपानला जात नाही म्हणून पुढच्या सोमवारी कळवून टाकते. दोघंही ओमाहाच्या संयुक्त मुख्यालयात जाऊ. एका घरात राहू, आणि तुलाही जनरलचा तारा मिळेल." मला कंठ फुटण्यापूर्वी तू फोन ठेवलास. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. उद्याच तुझ्या हाती पडावे यासाठी जादा टपालखर्च सोसला आहे.

इतर कर्नलांच्या नेमणुका ठरवून त्यांच्या भाग्यरेषा आखणे हा माझा चरितार्थ. तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयात मुदत भरल्यावाचून तारा नाही, हे तत्त्व मी विधात्याच्या गांभीर्याने सांगत असतो. परवाच एक कर्नल काकुळतीला आला, "साहेब, कुठंही टाका, पण नेब्रास्कातलं ते ओमाहा नको हो!" मी सैन्याच्या गरजांवर प्रवचन आरंभिले. तोच त्याच्या पत्नीने फोन हिसकावला, "एवढं चांगलं आहे तर तुमची बायको पाठवा की तिकडं!" त्या माउलीस काय ठाऊक, माझी बायको निघालीच होती! आपला विवाह हेही एक संयुक्त अभियानच. फक्त दोन्ही फौजांची गाठ क्वचित पडते.

माझे भाग्य मात्र शेजारच्या मेजावरील फ्लॉइडच्या हाती. मंगळवारी त्याने हाकेच्या अंतरावरून मला अधिकृत फोन केला. "कर्नलसाहेब, अभिनंदन! ओमाहा. मुदत भरली की तारा आलाच समजा." मी नम्रपणे जपानमधले योकोसुका, तुझ्या हाती येणाऱ्या जहाजाचे बंदर, मागितले. तो फोन कानाला तसाच ठेवून आडोशावरून डोकावला, "तिथं बोटी असतात हो! पायदळाचा कर्नल काय करणार, रंग देणार? आणि ओमाहा नाकारलंत तर थेट निवृत्ती, ठाऊक आहे ना?" मी म्हटले, "फ्लॉइड, हे वाक्य मीच तुला शिकवलंय. जरा हळू आवाजात म्हणायचं असतं."

कोरिन, मी ओमाहा नाकारले. निवृत्तीचा अर्ज त्याच दुपारी दिला. तो आता मागे घेता येत नाही. तारा मला हवा होता, असत्य कशास वदू? दोन दिवस अन्नावर वासना नव्हती. परंतु त्या जहाजावर तुला चढताना पाहण्याची आकांक्षा त्याहून प्रबळ निघाली. तेव्हा येत्या सोमवारी जहाज नाकारण्यात त्यागाचा लवलेशही उरलेला नाही. उरते ते निखळ मौर्ख्य. योकोसुकात शासनदरबारी मी तुझा 'आश्रित' असेन. नाविकांच्या कुटुंबांच्या मेळाव्यास कप्तानाच्या पत्नीने बटाट्याचे सॅलड न्यावे, अशी तेथील प्रथा आहे म्हणे. पत्नी होणे माझ्या आवाक्याबाहेर. सॅलड मात्र काल केले. फ्लॉइडने एक घास घेतला, बराच वेळ चावला, आणि अतिशय आदराने म्हणाला, "साहेब, ओमाहाची जागा अजून रिकामी आहे."

तुझाच, आणि यापुढे तुझ्याच मुक्कामी,
एल्डन