'साखर' लिहिलेला डबा

आईस,
थोरलीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवते वेळेवर. खोकलाही गेला.

शेजारच्या काकूंना माझं काम सांगता येत नाही म्हणालीस. सोपं आहे. मोठमोठ्या दुकानांत एकाच साबणाला गोदामात एक नाव असतं, दुकानात दुसरं, ऑफिसात तिसरं. त्यातलं खरं कोणतं आणि ते सांभाळायचं कोणी, हे मी आणि माझ्या हाताखालचे सहाजण ठरवून देतो.

काल गोदामाचे जुने कारकून म्हणाले, "यादी कशाला बाई, मला विचारा की." त्यांना खरंच सगळं तोंडपाठ आहे, पण पुढच्या महिन्यात ते निवृत्त होताहेत. दिवसभर बसून मी सगळं लिहून घेतलं. उठताना ते म्हणाले, "म्हणजे आता मला कोणी विचारायला नको."

तेव्हा तुझे डबे आठवले. 'साखर' लिहिलेल्या डब्यात तू धुण्याचा सोडा ठेवतेस आणि साखर 'रवा' लिहिलेल्यात. आता तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की आठवडाभर चहा बाबा करणार. तू सांगत जा, त्यांना नवीन चिठ्ठ्या चिकटवू दे. सोड्यापासून सुरुवात करा. डॉक्टर नक्की काय म्हणाले? फोनवर तू नुसतं "किरकोळ आहे" म्हणतेस.

एक डबा मात्र तसाच राहू दे, लवंगांचा वगैरे. बाबांना तुला हाक मारायला काहीतरी निमित्त हवं.

तुझी,
थोरली