पालथा दगड

४ फेब्रुवारी, रविवार
आज माझी पाळी होती. दर रविवारी फोनवर एकेक जुनी गोष्ट शोधून सांगायची, हा माझा आणि गौतमीचा ठराव. लग्नाला वर्ष झालं, त्यातले दहा महिने मी इथं अंकलेश्वरला वेल्डिंग मारतोय — दुसरं बोलणार काय! मी सांगितलं, मेसवाला किशोरमामा आपल्याच भागातल्या तुडील गावचा, त्याच्या आजोबांच्या घराची कौलं सावित्री नदीतून होडीनं आलेली. गौतमी खूश. मग म्हणाली, "आता माझं ऐक. विहिरीजवळचा आपला धुण्याचा दगड हाय ना, त्याच्या खालून हात घातला. नक्षी लागते!"

मी म्हटलं, उलट की मग.

६ फेब्रुवारी
आई नको म्हणते. "मामंजींनी सांगितलंय, त्याचं तोंड खालीच राहू दे." रामजी आजा मरून वीस वर्षं झाली, अजून त्याचंच राज्य! गौतमी म्हणाली, थांबू या, आईंना नीट विचारते. मी हट्ट धरला. सातवीत शाळा सोडली म्हणून मला काय कळत नाय?

११ फेब्रुवारी, रविवार
उलटला! शेजारच्या दोघांना बोलावून, पहारीनं. फोटो आला. ढाल-तलवार घेतलेला माणूस, मागं गाई. गौतमी म्हणते वीरगळ — लढून मेलेल्याचा दगड. हा गाई राखताना मेला. "आणि गावाची राखण कुणाकडं होती रे? आपल्याच लोकांकडं ना?" अंगावर काटा आला. कोण जाणे, आमचाच कुणी असंल. आणि आम्ही इतकी वर्षं त्याच्या पाठीवर कपडे आपटतोय!

"इतक्यात कुणाला दाखवू नको हां," म्हणाली.

स्टेटसला टाकला. 'आमचा पूर्वज.' खोलीतले चौघं फोन हातात घेऊन बघत बसले. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
वरच्या वाडीतला अनिल शाळेत माझ्या बाकावर बसायचा. त्यानं स्टेटस बघितलं. वीस माणसं घेऊन आमच्या अंगणात. नारळ, शेंदूर. आईला म्हणाला, "देवावर धुणं धुवत होतात, काकू? पाप हाय!" गौतमी म्हणाली, हा देव नाय, माणूस हाय. कोण ऐकतंय! ढाल, तलवार, चेहरा — सगळं शेंदरात बुडलं.

१९ फेब्रुवारी
चौथरा झाला. भोवती जाळी. आत चपला नाय, धुणं-भांडी नाय. विहीर जाळीच्या आत, म्हणून तिचं पाणी भरणंपण बंद. आई आता हंडा घेऊन पऱ्यावर, लांबच्या ओढ्यावर जाते, तिच्या त्या गुडघ्यांनी. अनिलला फोन केला. "तुझाच पूर्वज ना रे? मग मान ठेव की!" हसला साला.

२५ फेब्रुवारी, रविवार
गौतमीनं फोन उचलला नाय. आईनं उचलला. म्हणाली, आज्याच्या वेळेला आमच्या शेतातपण असाच एक दगड निघालेला. शेंदूर लागला, उत्सव सुरू झाला, शेत देवाचं म्हणून हातातून गेलं. म्हणून घराजवळचा हा दगड आज्यानं स्वतःच्या हातानं पालथा घातला.

"हे आधी का नाय सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?"

३ मार्च, रविवार
नाय उचलला.

१० मार्च, रविवार
तिनंच फोन केला. गोठ्याच्या पायरीचा दगड हलला म्हणून उचलून बघितला. त्याच्यावर बाई कोरलेली हाय, हातात कायतरी धरलेलं.

"काय धरलंय?"

"मी बघितलंय. तुला नाय सांगणार. परत पालथा घातला. आता धुणं त्याच्यावर धुतो आम्ही."