दादाला न विचारता घेतलेला लॅपटॉप

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कंबर वाकली तेवढीच. मान आज ताठ आहे, का ते पुढे कळेल.) तुझा खांदा कसा आहे? वहिनीचा गुडघा? गच्चीवरच्या टाकीची गळती थांबली की अजून खाली बादल्याच लावताय? इकडे सगळे मजेत. ह्यांचा खोकला गेला, माझी पाठ आहे तशीच आहे. फोन सोडून हिला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी नुसतं "दादा, मी लॅपटॉप" एवढं म्हटलं असतं, की पुढचा पाऊण तास तू बोलला असतास. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून आज सगळं सांगून टाकते. आधी खाली बैस. मी लॅपटॉप घेतला. एकटीने घेतला. त्यावर कंपनीने घालून दिलेल्या प्रणालीऐवजी आपलं लिनक्स चालतं, आणि सगळंच्या सगळं चालतं.

आता तू विचारशील, एवढी घाई काय होती? जुन्याची बिजागरी मोडली हे मी तुला कळवलं होतं. तेव्हा तू म्हणालास, मी सहा महिन्यांनी येतोय, येताना माझा जुना आणतो, तोवर काही घेऊ नकोस. इथपर्यंत ठीक होतं. पण मग फोन ठेवला असं समजून तू वहिनीला म्हणालास, "तिला एकटीला दुकानात सोडली तर टोस्टर घेऊन येईल." फोन ठेवला गेला नव्हता, दादा. मी ऐकलं. माझी पहिली सायकल तू निवडलीस, चष्म्याची फ्रेम तू निवडलीस, फार काय, आमच्या ह्यांनाही तूच आधी भेटून आलास आणि कामावर रोज तपासायचास तशी लिफ्ट तपासून आल्यासारखा "चालेल, भार पेलेल" असा शेरा दिलास. (पेलला, ते सोड.) तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बसतील अशा कवळ्या बनवते आहे, केसाएवढा फरक बोटाला कळतो मला, आणि मला लॅपटॉप नि टोस्टर यातला फरक कळत नाही? त्याच दिवशी ठरवलं. या खेपेला दादाला विचारायचं नाही, आणि घेतल्यावर दुरुस्तीसाठी एकही फोन करायची वेळ येऊ द्यायची नाही. जमलं नाही तर तुझा जुना लॅपटॉप निमूट वापरायचा आणि मरेपर्यंत टोस्टर ऐकून घ्यायचा.

जुन्याची दशा तू शेवटी पाहिली नाहीस ते बरं. पडदा मागे पडू नये म्हणून त्याच्या पाठीला मी प्लॅस्टरचे दोन जबडे लावले होते, एक वरचा, एक खालचा. वायफाय फक्त खिडकीच्या कट्ट्यावर लागायचं. आवाज तर गेल्या मार्चपासून गेलेलाच होता. आमचे दाताचे डॉक्टर रोज म्हणायचे, अहो, चारचौघांसारखा घ्या, जे त्याच्यात येतं ते वापरा, कशाला त्या लिनक्सच्या नादी लागता? आता ह्या नादाला पंधरा वर्षांपूर्वी मला कोणी लावलं हे मी त्यांना सांगितलं नाही, घरची अब्रू म्हणून. कवळीचा आराखडा काढायचा माझा प्रोग्रॅम त्यावर छान चालतो, हे एक कारण. आणि मला दुसऱ्याने पढवलेलं यंत्र नको वाटतं, हे दुसरं. खरं कारण हट्ट, तो आपल्या घराण्यातच आहे.

तयारी मात्र मी तुझ्या वरताण केली. एका पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं. असा पेनड्राइव्ह खुपसून लॅपटॉप सुरू केला, की आतलं काही न पुसता सगळं तपासता येतं, हे तूच कधीतरी सांगितलंस. (पाहा, तुझं श्रेय तुला देते आहे. एवढंच मिळेल.) मी म्हटलं, तोंडात घालून पाहिल्याशिवाय कवळी कोण घेतं? नवी कवळी बसवली की मी माणसाला "सहासष्ट, सदुसष्ट" म्हणायला लावते. शिट्टी वाजली तर कवळी परत माझ्या टेबलावर. तशीच परीक्षा लॅपटॉपची घ्यायची: वायफाय, आवाज, कॅमेरा, बोटाने बाण सरकवायची पट्टी, आणि शेवटी झाकण लावून झोपवायचा, उघडून उठतो का पाहायचं. झोपलेला लॅपटॉप न उठणं हे आपल्या पंथाचं जुनं दुखणं, तुला मी काय सांगायचं.

पहिल्या दुकानात टाय लावलेला एक विक्रेता होता. लिनक्स चालेल का विचारलं तर म्हणाला, "मॅडम, यात सगळं चालतं." ज्याला सगळं चालतं त्याला काही ठाऊक नसतं, हा माझा अनुभव. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्यावर मी मांडून ठेवलेल्या एका चकचकीत लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरले, बाहेरचा पेनड्राइव्ह अडवणाऱ्या एका चौकटीतली खूण काढली आणि पेनड्राइव्ह लावला. चालला की! वायफाय दिसेना म्हणून नापास केला, पेनड्राइव्ह काढला आणि सभ्यपणे तो होता तसा सुरू करून दिला. तर तो आतलं कुलूप उघडायला अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागायला लागला. अठ्ठेचाळीस, दादा! टायवाल्याला माहीत नाही, मॅनेजरला माहीत नाही, मुख्य कचेरीत फोन लावला तर तिथे गाणं वाजत राहिलं. मला दारापर्यंत सोडायला दोघे जण आले. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की ती खूण परत लावली की किल्ली मागणं थांबतं. दुसऱ्या दिवशी फोन करून तसं सांगितलं. त्यांनी मनापासून आभार मानले आणि पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका असंही सांगितलं.

दुसऱ्या दुकानात मी आधी परवानगी मागितली. (शिकते मी, तुझ्यासारखी नाही.) तिथे होता तो अगदी नवा, या महिन्यातला, पडदा उलटा दुमडणारा. पेनड्राइव्ह लावला तर चित्र आलं, पण आडवं. माझी मान उजवीकडे कलली, शेजारच्या विक्रेत्याचीही कलली. मी लॅपटॉप उभा धरला तर चित्र उलटं झालं. असे आम्ही दोघं मान वाकडी करून उभे असताना एक गृहस्थ आले, त्यांनीही मान वाकडी केली आणि बराच वेळ पाहून विचारलं, "यात काय दिसतं?" आवाज नव्हता, कॅमेऱ्यात काळोख होता. घरी येऊन मी बिछान्यावर आडवी पडले. मनातल्या मनात तुझा जुना लॅपटॉप कुठे ठेवायचा त्याची जागाही ठरवली. हे म्हणाले, लाव ना दादाला फोन. मी म्हटलं, हात लावून पाहा त्या फोनला.

मग सुचलं ते कामातूनच. डॉक्टर नवं साहित्य आणतात तेव्हा मी म्हणते, वर्षभर थांबा, दुसऱ्यांच्या तोंडात काय होतं ते पाहू. इथे मी सगळ्यांत ताजा लॅपटॉप शोधत होते आणि लिनक्सवाल्या मंडळींना त्याच्याशी ओळख करून घ्यायला वेळच मिळालेला नव्हता! तिसऱ्या दुकानात गेले आणि मालकीणबाईंना विचारलं, मागच्या वर्षीचा, कोरा, कोणी न घेतलेला आहे का? त्या इतक्या खूश झाल्या की स्वतः शिडीवर चढल्या. खाली आला एक खोका, वर बोटभर धूळ. आत काळा, जाड, कोणालाही आवडणार नाही असा लॅपटॉप. पेनड्राइव्ह लावला. वायफाय लागलं. आवाज आला. कॅमेऱ्यात मी दिसले (केस नीट करायला हवे होते). पट्टीवर बोट फिरवलं तसा बाण सरकला. मग मी झाकण लावलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. मालकीणबाई मोजायला लागल्या, दुरुस्तीच्या खोलीतला कारागीर बाहेर आला, तोही मोजायला लागला. सहासष्ट, सदुसष्ट, करत शंभरावर आलो आणि मी झाकण उघडलं. उठला, दादा! जिथे ठेवलं होतं तिथून, वायफायसकट! मी मालकीणबाईंना मिठी मारली. त्यांनी विचारलं, "पण आता झालं काय नेमकं?" मी म्हटलं, "माझा दादा हरला."

याला आज तीन आठवडे झाले. पेनड्राइव्हवरचं लिनक्स आत घातलं, अर्ध्या तासात, चहा निवायच्या आत म्हण. तीन आठवड्यांत एक तक्रार नाही. डॉक्टर येऊन पाहून गेले. पूर्वी दर रविवारी अकरा वाजता मी तुला फोन करायची नि दीड तास खांद्यात फोन धरून काय काय टाइप करायची. आता मान दुखत नाही. तुझ्या जुन्या लॅपटॉपची गरज नाही, वहिनीला देऊन टाक. वहिनीला नमस्कार, आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, टोस्टरची ओळ दोनदा.

तुझी विजयी,
धाकटी

ता. क. तू म्हणशील, एवढं झकास चाललंय तर मग बरंच झालं. झालंच. पण गेल्या रविवारी अकराला मी सवयीने चहा घेऊन बसले, फोन शेजारी ठेवला, लॅपटॉप उघडला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. म्हणून मी फोन केला नाही, आणि मी केला नाही म्हणून तूही केला नाहीस. त्याच्या आधीच्या दोन रविवारीही हेच. तू म्हणायचास "पडद्यावर काय आलंय, अक्षर न् अक्षर वाच", मी वाचायची, आणि मग इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घ्यायला वीस मिनिटं जायची. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तू मला त्या वीस मिनिटांत सांगितलंस. निवृत्तीच्या दिवशी एकटाच लिफ्टमध्ये उभा राहून तीनदा वरखाली करून आलास, तेही तेव्हाच. एरवी तू असलं काही बोलत नाहीस. मला करमत नाही रे.

ता. क. दोन. प्रिंटर चालत नाहीये. प्रकरण फार गंभीर दिसतंय. रविवारी अकराला फोन कर आणि हाताशी भरपूर वेळ ठेव.

ता. क. तीन. हे पत्र छापील आहे, हे वहिनी तुझ्या लक्षात आणून देईलच. तिचं ऐकू नकोस. फोन कर.