बोटं माझी, पाय तिचे

प्रिय आणि आदरणीय ताई,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये मनापासून सलाम. तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? (औषध पितात ना, की अजूनही कुंडीत ओततात?) इकडे आम्ही ठणठणीत, माझा उजवा गुडघा सोडून. तो तरुणांच्या पक्षात गेला असावा. माझं काही ऐकत नाही.

बातमी अशी की आपण जिंकलो! कोण हरलं ते विचारू नकोस, कारण कोणीच हरलं नाही, आणि अशा जिंकण्याची चव मला या वयात पहिल्यांदाच कळली.

पण आधी भांडण ऐक. गुडघा सुजल्यापासून माझी पायपेटी चर्चच्या कोपऱ्यात झाकून पडली (पायाने भाता मारल्याशिवाय ती सूर देत नाही, हे तुला ठाऊक आहेच) आणि तिच्या जागी तरुणांचा विजेवरचा कीबोर्ड आला. त्याच्या मागोमाग ड्रम आले. ते वाजवणारी मुलगी बेकरीत कामाला आहे. आठवडाभर पाव भाजते आणि रविवारी आम्हाला. आम्ही तिला 'तोफ' म्हणतो. प्रार्थनेत डोळे मिटायचीसुद्धा चोरी झाली, तेव्हा वडीलमंडळाने एकमताने (मत माझं होतं, बाकीच्यांनी माना हलवल्या) ड्रम कोठीत कुलूपबंद केले. त्यावर तरुणांनी गाणंच सोडलं. कीबोर्डवाला तेवढा वाजवायचा, तोही तोंड पाडून. पुढे आम्ही, अगदी मागे ते, आणि मधले बाक रिकामे. (एका पाहुण्या पाळकांना वाटलं, तिथलं छत गळतंय.) मग कानावर आलं की ही पोरं आता शाळेच्या हॉलमध्ये वेगळी जमणार. ताई, वरवर मी 'जाऊ देत' म्हणालो, पण त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. यातल्या निम्म्यांना मी मांडीवर घेऊन गाणी शिकवली होती.

पाळकसाहेबांनी विश्वास बसावा म्हणून एक खेळ काढला: म्हाताऱ्यांनी डोळे मिटून मागे पडायचं, तरुणांनी झेलायचं. पहिला मान शिंपीकाकांना. त्यांनी ऐन वेळी संशयाने एक डोळा उघडला, अंग तिरपं झालं, आणि हात पसरून उभ्या असलेल्या पोरांना सोडून ते थेट पाळकसाहेबांवर कोसळले. आता दोघांच्याही कमरेला शेक चालू आहे, आणि चूक कोणाची यावर नवा वाद.

अशात परवाच्या रविवारी पहिल्याच गीताला वीज गेली. कीबोर्ड गप्प, माईक गप्प. पाळकसाहेबांनी एकट्याने गीत उचललं, तर पुढच्या बाकांनी एक सूर धरला आणि कोणीतरी खोकून दुसरा. मला राहवेना. लंगडत जाऊन पायपेटीवरची चादर काढली, एका पायाने भाता मारला. तिने असा उसासा टाकला की लहान मुलं फिदीफिदी हसली. तेवढ्यात मागून पावलं वाजली आणि तोफ येऊन माझ्या शेजारी बाकड्यावर टेकली.

"काका, बोटं तुमची, पाय माझे."

"हळू मार. जुनं हाड आहे."

"पेटीचं ना? मला वाटलं, स्वतःबद्दल सांगताय. ठेवा विश्वास."

"मी विश्वास देवावर ठेवतो."

"मग त्यानेच पाठवलंय समजा."

मी पट्ट्यांवर बोटं ठेवली. ताई, काय ते पाय! पेटीत वारा नाही, वादळ भरलं. जे गीत आम्ही वर्षानुवर्षं घाटातल्या मालगाडीसारखं ओढत होतो, ते धावत सुटलं. मी डोळे वटारले तशी तिने वेग कमी केला. तिचं सगळं लक्ष माझ्या बोटांवर होतं, कुठे थांबतात, कुठे उठतात. आणि शेवटच्या कडव्याला माझी बोटं चुकली. डोकं पार कोरं! तिने भाता थांबवला नाही. सूर धरून ठेवला आणि माझ्या कानाशी पुढची चाल हलकेच गुणगुणली. मी विचारलं, "तुला कशी येते?" म्हणाली, "तुम्हीच शिकवलीत की." तोवर मागचे बाक उभे राहून गात होते, आणि शिंपीकाका कंबर विसरून टाळ्या देत होते.

उपासना संपताच मी स्वतः कोठीचं कुलूप काढलं. या वेळी एकमताला माझ्याशिवाय बाकीचीही मतं होती. शाळेच्या हॉलचं बोलणं तिथेच मिटलं. पाळकसाहेब रडले. (कमरेमुळे नव्हे, मी विचारून घेतलं.)

तुझा विजयी धाकटा भाऊ

ता. क. आमचा तह असा ठरला, की ती माझ्याकडे पायपेटी शिकेल आणि मी तिच्याकडे ड्रम. सरावासाठी एक जुना ड्रम घरी आणलाय. शेजारी बोलेनासे झाले. तुझ्या घराला शेजार नाही, आणि दाजींना तसंही कमी ऐकू येतं. तेव्हा महिनाभर ड्रमसकट येऊ का?

पुन्हा ता. क. वन्सं, सलाम. पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं. यांना जरूर ठेवून घ्या. ड्रम मात्र इथेच राहू दे. हे दुपारी झोपले की मी वाजवते.