न लंगडणारा पाय

आबा, काल तुमची ती मेंढरांच्या औषधाची बाटली पुन्हा पाहिली. तीच नव्हे, तसलीच दुसरी, पण ठेवलेली अगदी तुमच्यासारखी: कोनाड्यात, सुई शेजारी, वर फडकं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मातीचं घर पाडून धाकट्या भावानं विटांचं बांधलं, तरी गवंड्याच्या मागं लागून त्यानं नव्या भिंतीत त्याच जागी कोनाडा ठेवून घेतला. मी दारातच थबकले. आतून तुम्ही विचाराल, कोण आलंय म्हणून, असं वाटलं आणि मला खरोखर भीती वाटली.

तुमच्या पायांची भीती मला लहानपणापासूनची आहे. दिवस कलतोय, तुम्ही मेंढरं कोंडून आलाय आणि उंबऱ्यावर बसून पाय माझ्या मांडीवर टाकलाय. बाभळीचे काटे काढायचं काम माझं, कारण आईच्या मते माझा हात हलका. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, धाकटा झोळीत झोपलाय. एरवी पिन लागली की तुम्ही पाय आखडता आणि मला दोन शब्द ऐकवता. आज तुम्ही रस्त्याकडं बघत बसलाय. काटा खोल आहे, मी पिन आत घालते, आणखी आत घालते, रक्ताचा थेंब येतो. तेव्हा तुम्ही म्हणता, "काढ की माय, कशाची वाट बघायलीस?"

मी आईकडं पाहिलं. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. पिन अजून पायात होती आणि तुम्ही मी सुरू करायची वाट बघत होता. त्या क्षणी मला वाटलं, हा पाय तुमचा नाही, कुणी दुसऱ्याचा आणून माझ्या मांडीवर ठेवलाय.

तुम्हाला साखर आहे हे नंतर कळलं, पण डॉक्टरचं नाव काढलं की तुम्हाला नेमकं तलवाड्याच्या बाजाराचं काम निघायचं. मेंढरांचे वैद्य तर तुम्हीच होता. पावसाळ्यात चिखलानं त्यांची खुरं सडायची, तुम्ही सुई भरायचात, आणि मेंढरू लंगडायचं थांबलं की सुईही थांबायची. उरलेलं औषध कोनाड्यात. मुकं जनावर आपलं दुखणं चालीतून सांगतं, यावर तुमचा पुरा भरवसा. तुमच्या तळव्याला जखम झाली तेव्हा तुम्ही तीच बाटली काढलीत. आई नको नको म्हणत राहिली. सूज उतरली, तुम्ही अंगणात चालून दाखवलंत, लंगडत नव्हतात, म्हणजे बरे झालात. पुन्हा सुजलं, पुन्हा दोन सुया, पुन्हा अंगणात चालणं. पण आबा, ज्या पायाला काही कळतच नाही तो लंगडणार कसा? तो आतून सडत होता आणि तुम्ही त्याच पायानं, अनवाणी, दर्शनाला नारायणगड चढून आलात. लोक तुमचं कौतुक करत होते.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा एकामागून एक औषधं दिली. कुठलंच लागू पडेना. डॉक्टर आईला म्हणाले की जंतू या औषधांना सरावलेत. आईला ते समजलं नाही, मलाही नाही. पाय कापला. कापडात गुंडाळून आपल्या ताब्यात दिला आणि काकांनी तो मेंढरांच्या वाडग्याजवळच्या कडुलिंबाखाली पुरला. तुम्ही घरी आलात आणि मग सुरू झालं ते मी कुणाला फारसं सांगत नाही. पाय होता तेव्हा त्याला काटा कळत नव्हता, गेल्यावर तो दुखायला लागला. भर दुपारी तुम्ही हाक मारायचात, तळव्याला मुंग्या आल्यात, जरा खाजव. मी रिकाम्या अंथरुणावर हात फिरवायचे आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, हां, तिथंच. एकदा म्हणालात, माती लई गार हाय. आई उठून बाहेर गेली. पुढं जखमेतलं विष रक्तात भिनलं आणि तुम्हीही गेलात. मेंढरं अजून त्या लिंबाखाली बसतात, पण तेवढी जागा सोडून बसतात. धाकटा म्हणतो, तिथं मुंगळे असतील. मी बघायला जात नाही.

मी आता बीडला दवाखान्यात आहे. दिवसभर साखरेच्या लोकांच्या पायांच्या पट्ट्या करते, म्हणून बाकीच्या मला पायवाली सिस्टर म्हणून चिडवतात. तुम्हाला जे कुणी समजावलं नाही ते मी रोज समजावते. अर्ध्यावर सोडलेल्या औषधातून जे जंतू वाचतात त्यांना त्या औषधाची ओळख झालेली असते, मग ते त्याला जुमानत नाहीत. म्हणून आधी जखमेतला नमुना तपासायला पाठवायचा, लागू पडेल तेच औषध घ्यायचं, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं, आणि त्या पायावर भार द्यायचा नाही. एकाची पट्टी झाली की हात धुतल्याशिवाय मी दुसऱ्याला शिवत नाही. प्रत्येकाला डोळे मिटायला लावते, नायलॉनचा जाड दोरा तळव्याला टेकवते आणि विचारते, कळलं का? कुणी कुणी आधीच हो म्हणतं. आपल्या घरातली साखर मलाही आली आहे. गोळ्या घेते.

काल भावजयीचा फोन आला म्हणून नेकनूरची बस धरून घरी गेले. धाकट्याच्या अंगठ्याखाली जखम, वर चिंधी, आणि कोनाड्यात बाटली. दोन सुया टोचून झाल्या होत्या, सूज उतरली म्हणून तिसरी टोचली नव्हती. मी चिंधी सोडली तर तोच वास. चल म्हटलं, आजच चल, हा पाय अजून वाचेल. तो हसला. उठून अंगणात चालून दाखवलं. "सांग आक्का, मी लंगडायलो का? दुखतच न्हाई तर दवाखाना कावून?" मी रागावले, मग रडले, तुमचं नाव घेतलं. तो ढिम्म हलला नाही. शेवटी चिडून म्हणाला, "लोकांचे पाय बघत हिंडतीस, तुझा तपासला का कदी? आदी तुझा तपासू दे, मग येतो."

मी म्हटलं, तपास. उंबऱ्यावर बसले, पर्समधला दोरा त्याला दिला, पाय त्याच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या, रस्त्यावरून एक टेम्पो गेला. बराच वेळ झाला. मला वाटलं, हा खोडी काढतोय.

"टेकव की," मी म्हणाले, "कशाची वाट बघायलास?"

मी डोळे उघडले. दोरा माझ्या तळव्यावर दाबून वाकलेला होता. आबा, त्या संध्याकाळी तो झोळीत होता, ते वाक्य त्याला ठाऊक नाही. पण माझ्याकडं तो आईसारखा बघत होता.

मग त्यानंच बाटली काढून माझ्या हातात दिली, मेंढरं चुलतभावाकडं सोपवली आणि बसपर्यंत माझ्या खांद्यावर भार टाकून, तो पाय उचलून, लंगडत आला. मी त्याला लंगडताना बघून हरखले होते.

आज तो आत खाटेवर आहे. नमुना तपासायला गेलाय, आता कुठलं औषध चालतं ते कळायला थांबायचं. बाहेर बाकावर बसून हे लिहिलं. कुठं पाठवायचं हे कळत नाही, आणि लिंबाखाली मी काही जाणार नाही, म्हणून घडी करून पर्समध्येच ठेवते. एवढं लिहीपर्यंत उजव्या तळव्याला मुंग्या आल्यासारखं वाटतंय, आणि जागासुद्धा तुम्ही दाखवायचात तीच. रोज तळवा आरशात बघा, असं मी सगळ्यांना सांगते. कालपासून मी चप्पल काढलेली नाही.