विहिरीतला निम्मा हिस्सा

मी, हेमलता कोंडिबा ढमाले, वय ७१, अविवाहित, निवृत्त आरोग्यसेविका, रा. लवळे, ता. मुळशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे थोरले बंधू हैबतराव "म्हातारीला चळ लागलाय" म्हणणार, हे ठरलेलेच आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव भाची मृण्मयीला. ती विचारपूस करायला फोन करते. बाकीच्यांना माझा नंबर सही हवी असली की सापडतो.

२. पाणी तपासायची पेटी नव्या आरोग्यसेविकेला. पेटीतल्या औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळे झाले तर त्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर आहे, नाही झाले तर नाही. याउपर हैबतरावांचे ऐकू नये.

३. हैबतरावांना काही नाही. वडिलांच्या सामाईक विहिरीवर त्यांनी चाळीस खोल्या भाड्याने लावल्या आणि संडासाची टाकी विहिरीपासून बारा फुटांवर खोदली. "टीसीएल नगं टाकूस, भाडेकरूंना वास येतुया," हे त्यांचे आरोग्यशास्त्र. २०१७ च्या श्रावणात गॅस्ट्रोची साथ आली. मी दारोदार फिरून नोंदी केल्या. एकतीस रोगी, सगळे याच विहिरीचे पाणी पिणारे. पलीकडे नळावरच्या घरांत एकही नाही. शेंबड्या पोरालाही कळले असते. आता त्यांना तिथून टँकर भरून विकायचे आहेत.

४. म्हणून विहिरीतला माझा निम्मा हिस्सा व काठची जमीन रेश्मा वाघमोडे हिला. ती त्याच खोल्यांत भाड्याने राहायची, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. तिची सहा वर्षांची गौतमी त्या साथीत गेली. रेश्माच्या नावावर सोलापूरकडे सातबारा आहे, तेव्हा शेतकरी नाही म्हणून कोणी फाटे फोडू नयेत. तिच्या सहीशिवाय पंप बसणार नाही. हैबतरावांनी खुशाल तिच्या दारात जाऊन सही मागावी.

५. इथे आधीची मृत्युपत्रे रद्द करतात. माझे एकही नाही. परंतु दि. १९ ऑगस्ट २०१७ चा माझा साथीचा अहवाल रद्द समजावा. कारणाच्या रकान्यात मी "कॅन्टीनचे अन्न" लिहिले. हैबतराव म्हणाले, "हेमा, आपलेच दात न् आपलेच ओट," आणि गावाला अक्कल शिकवणाऱ्या मी मुकाट्याने सही केली. रेश्माचे काम गेले. आईच्याच हातच्या पोळीने पोर मेली, असे लोक तिच्या तोंडावर बोलले. ते खोटे आहे. गौतमी आमच्या विहिरीच्या पाण्याने मेली, आणि सही करताना मला ते माहीत होते.

सही: हेमलता कोंडिबा ढमाले

हेमलताबाईंनी हे स्वतः वाचून दाखवले व आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. अपूर्वा देसाई (सही) २. बहिरू गाडे (सही)

लवळे, दि. ११ फेब्रुवारी २०२५